त्सांगपोचें चढलेलें पाणी

नदीची मोजदाद आपण बहुधा लांबीनें करतों. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत गंगा इतके मैल, गोदावरी इतके मैल, असे आंकडे पाठ करून घेतात, आणि त्यामुळें नदी म्हणजे नकाशावर एकदां काढलेली व कायमची ठरून गेलेली रेघ, असा समज मनांत घर करून बसतो. परंतु ज्यांचें आयुष्य नदीकांठीं गेलें आहे त्यांना हा समज कधींच पटणार नाहीं. वाईच्या किंवा सांगलीच्या घाटावरचा मनुष्य नदीचें वर्णन मैलांनीं करीत नाहीं. पाणी कितव्या पायरीला लागलें तें तो सांगतो. त्याच्या लेखीं वैशाखांतील कृष्णा आणि श्रावणांतील कृष्णा या एकाच नांवाच्या दोन नद्या आहेत. पहिलींत मुलें डुंबतात. दुसरीची सुवासिनी कांठावरूनच ओटी भरतात आणि मागें सरतात.

घाटाच्या पायऱ्यांनीं शिकविलेला हा साधा धडा हिमालयापलीकडील एका नदीच्या इतिहासाला लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती नदी आपल्याला अगदींच परकी नाहीं. आसामांत जिला ब्रह्मपुत्रा म्हणतात तिचाच तिबेटांतील वरचा ओघ म्हणजे यार्लुंग त्सांगपो. १९९८ सालच्या ऑक्टोबरांत या नदीच्या घळईंत चार निष्णात अमेरिकन नावाडी लहान होड्या घेऊन उतरले, आणि त्यांपैकीं एक परत आला नाहीं. पुढें २००२ च्या फेब्रुवारींत सात जण त्याच घळईंत उतरले, आणि सातही जण सुखरूप परतले. पहिले अडाणी नव्हते, आणि दुसरे कांहीं अमर होऊन आले नव्हते. मग फरक कोठें पडला? याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे शंभर वर्षांहून अधिक मागें जावें लागतें. कारण माणसानें नदीशीं वेळ ठरवावी आणि ती चुकावी, हा प्रकार त्सांगपोच्या कांठीं प्रथमच घडत होता असें नाहीं.

१

कैलासाच्या परिसरांत उगम पावून त्सांगपो तिबेटच्या पठारावरून हजार मैलांच्या आसपास पूर्वेकडे वाहत जाते. या प्रवासांत ती बऱ्याच ठिकाणीं रुंद आणि संथ आहे. याकच्या कातड्याच्या होड्या तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. मग पे नांवाच्या खेड्यापुढें, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेनऊ हजार फुटांवर, ती नामचा बरवा (२५,५३१ फूट) आणि ग्याला पेरी (२३,९३० फूट) या दोन पर्वतांच्या मधल्या चिरेंत शिरते. त्या दोन शिखरांमधील अंतर तेरा-चौदा मैलांहून अधिक नाहीं. येथून नदी ईशान्येस जाते, मग एकाएकीं दक्षिणेकडे वळते, आणि मोठा वळसा घालून अरुणाचल प्रदेशांत सियांग या नांवानें भारतांत येते. पेपासून सीमेपर्यंत नदीची वाट दीडशें मैलांच्या आसपास भरते. तेवढ्यांत ती सात हजार फुटांहून अधिक खालीं उतरते. म्हणजे मैलागणिक सरासरी पन्नास फूट उतार झाला. अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन ही घळई जगप्रसिद्ध आहे. तेथील सरासरी उतार मैलाला आठ फूट आहे. आणि सरासरीचा आंकडा फसवा असतो, हें येथें विसरतां कामा नये. नदी जिन्याच्या पायऱ्या मोजून सारख्या उतरत नाहीं. कांहीं ठिकाणीं ती विसावते आणि त्याची भरपाई पुढच्याच वळणावर करते.

एकोणिसाव्या शतकांत या नदीविषयीं मोठें कोडें होतें. पठारावरची त्सांगपो डोंगरांत शिरते, आणि इकडे आसामांत दिहांग डोंगरांतून बाहेर पडते. पण या दोन्ही एकच कशावरून? त्सांगपो कदाचित् ब्रह्मदेशांतील इरावतीला मिळत असेल, असेंही मानणारे होते. तिबेट परकीयांना बंद होता. म्हणून हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यानें पहाडी मुलखांतील माणसें तयार करून यात्रेकरूंच्या वेषांत धाडलीं. पंडित नैनसिंग याच्या हातांतील जपमाळेंत एकशें आठ मण्यांऐवजीं शंभर मणी होते. शंभर पावलांमागें एक मणी ओढून तो अंतर मोजीत असे. ही परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु या मालिकेंतील सर्वांत विलक्षण मनुष्य पंडितही नव्हता आणि त्याला लिहितांवाचतांही येत नव्हतें. त्याचें नांव किंथुप, राहणारा सिक्कीमकडचा.

१८८० सालीं सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन हार्मन यांनीं एका लामाबरोबर त्याला रवाना केलें. योजना अशी होती कीं, घळईंत जितकें खालीं जातां येईल तितकें जावें, आणि तेथून खुणेचे ओंडके ठरलेल्या दिवसांत नदींत सोडावे. आसामच्या बाजूला पहारेकरी ते टिपतील, आणि दोन्ही नद्या एकच असल्याचें सिद्ध होईल. लामा वाटेंत पैसे उधळूं लागला, आणि अखेर किंथुपला एका तिबेटी अधिकाऱ्याला विकून स्वतः चालता झाला. कित्येक महिने गुलामी केल्यावर किंथुप तेथून निसटला. दुसरा कोणी असता तर घरची वाट धरता. हा मात्र सोंपविलेलें काम पुरें करण्यासाठीं नदीच्या बाजूलाच वळला. मारपुंग येथील मठाच्या प्रमुखानें त्याला पन्नास रुपये देऊन विकत घेतलें, म्हणून पाठलाग करणाऱ्यांच्या हातून तो सुटला. मठांत राबत असतां त्यानें तीर्थयात्रेच्या निमित्तानें रजा मागितली, रानांत जाऊन एकेक फूट लांबीचे पांचशें ओंडके तोडले आणि ते लपवून ठेवले. मग पुन्हां रजा काढून तो ल्हासाला गेला, आणि तेथून एका ओळखीच्या मनुष्याकडून पत्र लिहवून त्यानें दार्जिलिंगला धाडलें: अमुक दिवसांपासून रोज पन्नास याप्रमाणें ओंडके सोडीन, तरी खालीं लक्ष ठेवावें. मठांत परत येऊन त्यानें आणखी कांहीं महिने चाकरी केली, आणि ठरल्या दिवशीं ओंडके सोडण्यास आरंभ केला. दहा दिवस, रोज पन्नास.

खालीं कोणीही पाहत नव्हतें. पत्र योग्य वेळीं योग्य हातीं पडलें नाहीं. हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेलेले होते आणि १८८३ सालीं ते वारले. किंथुप १८८४ सालीं परतला. त्यानें तोंडी सांगितलेली हकीकत लिहून घेण्यांत आली, पण पुष्कळांनीं तिच्यावर विश्वास ठेवला नाहीं. नदीनें आपलें काम चोख बजावलें होतें, किंथुपनेंही बजावलें होतें. चुकली ती वरच्या आणि खालच्या माणसांची गांठ.

१९१३ सालीं बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी घळईच्या बऱ्याच भागांतून पायीं फिरून आले, तेव्हां किंथुपचें वर्णन बहुतांशीं खरें असल्याची खात्री पटली. बेलीनें खटपट करून त्याचा शोध लावला. तो दार्जिलिंगला शिंप्याचें काम करीत होता. सरकारनें त्याला एक हजार रुपये बक्षीस दिलें. त्यानंतर थोड्याच काळांत तो मरण पावला. पुढें १९२४ च्या हिंवाळ्यांत किंग्डन-वॉर्ड हा वनस्पतिशास्त्रज्ञ लॉर्ड कॉडॉर यांच्यासह घळईंत शिरला. त्यानें ऋतु निवडला तो मुद्दाम. नोव्हेंबर-डिसेंबरांत पाणी ओसरतें, कांठचे खडक उघडे पडतात, आणि पाय ठेवण्यापुरती तरी वाट मिळते, हें त्याला ठाऊक होतें. तरीसुद्धां कांहीं मैलांचा तुकडा त्यालाही पाहतां आला नाहीं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नकाशांत तो तुकडा जवळजवळ कोराच राहिला.

२

आतां थोडें त्या होडीविषयीं सांगितलें पाहिजे. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील एस्किमो लोकांची, म्हणजे आज ज्यांना इनुइट म्हणतात त्यांची, शिकारीची होडी. लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचें कातडें, मध्यें एका माणसाच्या कमरेइतकें भोंक. शिकारी त्यांत पाय लांब करून बसे आणि आपला अंगरखा भोंकाच्या कडेला घट्ट बांधून टाकी. त्यामुळें पाणी आंत शिरत नसे. होडी उलटली तर बर्फगार समुद्रांत पोहत राहणें म्हणजे मरण. म्हणून बसल्या जागींच वल्ह्याच्या एका झटक्यानें होडीसकट पुन्हां वर येण्याची विद्या या लोकांनीं साधली होती. ही विद्या पाव्लाटा या ऑस्ट्रियन गृहस्थानें १९२७ सालीं साध्य केली. तरुण इंग्रज प्रवासी जिनो वॉटकिन्स यानें ती १९३० च्या सुमारास खुद्द ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांपासून घेतली, आणि १९३२ सालीं तेथेंच एकटा शिकारीस गेला असतां तो नाहींसा झाला. त्याची रिकामी कयाक तेवढी सांपडली.

समुद्रावरची ही होडी युरोपांतील डोंगरी नद्यांवर आली, कातड्याच्या जागीं कापड, मग काचतंतु, मग प्लॅस्टिक आलें, आणि पूर्वीं ज्या पाण्याकडे कोणी नावाडी वळूनही पाहिना तें पाणी खेळाचें झालें. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकांत या खेळाला प्रथम स्थान मिळालें. त्यासाठीं आउग्सबुर्ग येथें कृत्रिम ओघ बांधला होता. १९७६ सालीं माइक जोन्स या इंग्रजानें कांहीं साथीदारांसह एव्हरेस्टच्या पायथ्याची दूधकोसी उतरून दाखविली. दोनच वर्षांनीं, १९७८ सालीं, काराकोरममधील ब्राल्डू नदींत साथीदाराला वांचवावयास जाऊन तो बुडाला. हिमालयाच्या नद्या आव्हान देतात आणि किंमतही घेतात, हें तेव्हांपासून या खेळांतील लोकांना माहीत झालें होतें.

पण पाणी चढलें म्हणजे नेमकें काय होतें? सामान्य मनुष्याची कल्पना अशी असते कीं, नदी तीच, फक्त पाणी जास्त. ही कल्पना सपाटीवरच्या नदीलाही पुरती लागू पडत नाहीं. घळईंतील नदीला तर मुळींच नाहीं. मैदानांत चढलेलें पाणी दोहों बाजूंना पसरतें, शेतें बुडवितें, आणि पसरल्यामुळें त्याचा जोर विभागला जातो. घळईंत बाजूंना भिंती असतात. तेथें पाण्याला दोनच मार्ग उरतात: खोली वाढविणें आणि वेग वाढविणें. वेग दुप्पट झाला तर अंगावर येणारा रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. दुबळ्या ओघांत जो खडक धरून मनुष्य उभा राहूं शकतो, त्याच खडकाशीं चढल्या पाण्यांत तो चिरडला जातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ओसरलेल्या पाण्यांतील डोंगरी नदी ही तुकड्यांची बनलेली असते: एक उडी, मग एक डोह, एक खळाळ, मग थोडी उसंत. उघड्या खडकांच्या मागें पाणी उलट फिरतें आणि तेथें होडीला विसावा मिळतो. अशा एका विसाव्याहून दुसऱ्या विसाव्याकडे, मधून कांठावर उतरून पुढचा भाग डोळ्यांनीं तपासून, प्रसंगीं होडी खांद्यावर घेऊन, नावाडी पुढें जातो. त्याची सारी विद्या थांबण्याच्या विद्येवर उभी आहे. पाणी चढलें कीं हे विसावे एकामागून एक नाहींसे होतात. डोह भरतात, खळाळ एकमेकांना जोडले जातात, खडक बुडतात आणि त्यांच्या पाठीमागें पाण्याला खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत वरचें पाणी सारखें मागें कोसळत राहतें, आणि सांपडलेली वस्तु तें बाहेर सोडीत नाहीं. कांठाच्या ज्या वाळूवरून चालत जातां आलें असतें ती वाळूही पाण्याखालीं जाते. वाक्यांतील सगळीं विरामचिन्हें कोणीं पुसून टाकावीं, तशी नदीची स्थिति होते.

याला अपवाद नाहींत असें नाहीं. मध्यम उताराच्या कित्येक नद्यांवर पुराचें पाणी खडकांना खोल बुडवून ओघ उलट सुकर करतें, आणि अशा वेळीं जाणते नावाडी मोठ्या आनंदानें नदीवर जातात. म्हणून चढलें पाणी तेवढें वाईट, असा सरसकट नियम नाहीं. नियम इतकाच कीं, नव्या पातळीची नदी ही नवी नदी होय. जुन्या पातळीवर मिळविलेलें ज्ञान तिच्याबाबत पुरावा म्हणून चालत नाहीं.

३

१९९८ च्या मोहिमेचे नायक विकलिफ वॉकर हे निवृत्त लष्करी अधिकारी होते. म्यूनिकच्या ऑलिंपिकांत त्यांनीं भाग घेतला होता. नदीवरील तुकडींत टॉम मॅकएवन, त्याचा भाऊ जेमी मॅकएवन, रॉजर झ्बेल आणि डग गॉर्डन असे चौघे होते. जेमीनें १९७२ सालीं ऑलिंपिक कांस्यपदक मिळविलेलें. टॉम आणि वॉकर यांनीं १९७५ सालीं, आणखी एका साथीदारासह, वॉशिंग्टनजवळील पोटोमॅक नदीचा ग्रेट फॉल्स हा धबधबा होडींतून उतरण्याचा प्रथम पराक्रम केला होता. गॉर्डन रसायनशास्त्रज्ञ, आणि राष्ट्रीय संघांत वल्हें मारलेला. घरीं पत्नी आणि लहान मुलें. थोडक्यांत, उतावळ्या पोरांचा हा जमाव नव्हता. सारे प्रौढ, अनुभवी, हिशेबी लोक होते. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचें साहाय्य त्यांना होतें. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांवरून त्यांनीं घळईचा अभ्यास केला होता. सर्व नदी होडींतूनच उतरूं, असा त्यांचा हट्टही नव्हता. जेथें पाणी जाऊं देईल तेथें पाण्यांतून, एरवीं पायीं, असा बेत होता.

वेळ त्यांनीं विचारपूर्वक निवडली होती. ऑक्टोबरांत पावसाळा सरलेला असतो, नदी उतरणीला लागलेली असते, आणि खिंडी बर्फानें बंद होण्यास अवकाश असतो. सामान्य वर्षीं हा हिशेब बरोबर ठरता. १९९८ हें सामान्य वर्ष नव्हतें. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत चीनमधील यांगत्सेला मोठा पूर आला. ब्रह्मपुत्रेच्या पुरानें आसाम बुडविला. बांगलादेशाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग पाण्याखालीं गेला. त्याच पावसाचें पाणी पे येथें या लोकांच्या पुढ्यांत उभें होतें. जी नदी पाहावयास ते आले होते ती तेथें नव्हतीच. तिच्या जागीं दुसरी, तिच्याहून कितीतरी मोठी नदी वाहत होती.

अशा वेळीं काय करावें? वाद झाला, विचार झाला. त्यांनीं मध्यम मार्ग पत्करला: मधल्या ओघाला स्पर्श करावयाचा नाहीं, कांठालगतच्या लहान फांट्यांतून, प्रत्येक उडी आधीं तपासून, जेथें शंका तेथें होडी खांद्यावर घेऊन जावयाचें. या धोरणानें ते कित्येक दिवस पुढें सरकले. १६ ऑक्टोबर रोजीं गॉर्डनसमोर आठ फुटांच्या आसपास उंचीची एक उडी आली. त्याच्या कौशल्याच्या मानानें ती असाधारण नव्हती. साथीदार कांठावर दोर घेऊन सज्ज होते. त्यानें उडी घेतली, पण होडीचा रोंख थोडासा चुकला. होडी खालच्या पाण्यांत मागल्या मागें उलटली. त्यानें पुन्हां वर येण्याचा प्रयत्न केला. तो साधेपर्यंत ओघानें त्याला कांठापासून ओढून मधल्या महाप्रवाहांत नेलें. तेथें दोर पोंचत नव्हता, आणि कोणी मनुष्यही पोंचूं शकत नव्हता. कित्येक दिवस शोध झाला. कांहींच हातीं लागलें नाहीं. मोहीम तेथेंच संपली.

ही घटना वाचून जें प्रथम मनांत येतें तें असें, कीं हे लोक परतले कां नाहींत? पाश्चात्य देशांत या प्रश्नावर पुष्कळ लिहिलें गेलें. कोणी म्हणालें, द्रव्यसाहाय्य करणाऱ्यांच्या दडपणामुळें. कोणी म्हणालें, कीर्तीच्या लोभानें. तुकडींतील लोकांनीं हे आरोप मानले नाहींत, आणि मलाही ते पुरेसे वाटत नाहींत. त्यांच्या धोरणाकडे बारकाईनें पाहिलें तर त्यांत बेफिकिरी दिसत नाहीं. उलट, साध्या नदीवर जितकी सावधगिरी घेतात त्याच्या अनेक पट त्यांनीं घेतली होती. उणीव होती ती निराळ्या जागीं. त्यांची सावधगिरी सुट्या उड्यांविषयीं होती: ही उडी घ्यावी कीं नाहीं, येथें होडी उचलावी कीं नाहीं. पण चढलेल्या पाण्यांत सुटी उडी अशी राहतच नाहीं. ओसरलेल्या नदींत आठ फुटांच्या उडीखालीं डोह असता. चुकलेला मनुष्य त्या डोहांत आला असता, भिजला असता, साथीदारांच्या थट्टेचा विषय झाला असता. येथें त्या आठ फुटांच्या पायथ्याला सगळी त्सांगपो जोडलेली होती. चुकीचें माप तेंच होतें, शिक्षेचें माप मात्र बदललें होतें.

आणि मग दुसरा प्रश्न येतो: तें पाणी पाहून सुद्धां एखादा महिना थांबणें त्यांना कां जमलें नाहीं? याचें उत्तर नदींत नाहीं, कागदांत आहे. परवान्यावर तारखा असतात. नोकरींतून मिळालेल्या रजेला शेवट असतो. हमालांची मजुरी, विमानाचीं तिकिटें, जमविलेला पैसा, या सर्वांना मुदत असते. वर्षानुवर्षें जोपासलेला बेत एका ठराविक पंधरवड्यांत बसवावा लागतो, आणि तो पंधरवडा ठरतो घरीं बसून, नदी पाहण्यापूर्वीं. मनुष्याचें पंचांग आणि नदीचें पंचांग यांचा मेळ बसला नाहीं तर कोणी तरी एकानें हटावें लागतें, आणि नदी हटत नाहीं. किंथुपची आणि गॉर्डनची कथा येथें एकमेकींना भेटतात. किंथुपनें सर्वस्व पणाला लावून वेळ पाळली, पण दुसरीकडे माणसें नव्हतीं. गॉर्डन आणि त्याचे साथीदार वेळेवर आले, पण ज्या नदीशीं भेट ठरली होती ती आली नव्हती. परंतु किंथुपजवळ एक गोष्ट होती ती या सुसज्ज मंडळींजवळ नव्हती: त्याच्यापाशीं मुदतीचा कागद नव्हता. एका कामापायीं चार वर्षें घालविणें त्याला शक्य झालें. आजच्या साहसी माणसाला सर्व साधनें मिळतात, हा अवकाश तेवढा मिळत नाहीं.

४

गॉर्डनच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, नोव्हेंबर १९९८ मध्यें, इयन बेकर, केन स्टॉर्म आणि हमीद सरदार हे पायीं जाऊन किंग्डन-वॉर्डला न दिसलेल्या तुकड्यांत पोंचले आणि तेथें शंभर फुटांहून उंच असा एक धबधबा त्यांनीं मोजला. नकाशावरील कोरी जागा भरली. होडींतून जाणाऱ्यांना यावरून एक गोष्ट निश्चित कळली: घळईचा मधला भाग कोणत्याही पाण्यावर उतरण्याजोगा नाहीं.

यानंतर निसर्गानें स्वतःच एक भयंकर प्रयोग करून दाखविला. एप्रिल २००० मध्यें त्सांगपोच्या खोऱ्यांतील यिगोंग या उपनदीवर प्रचंड दरड कोसळून नैसर्गिक बांध तयार झाला, आणि त्यामागें पाणी तुंबत राहिलें. १० जून २००० रोजीं तो बांध फुटला. तें पाणी घळईच्या खालच्या भागांतून गेलें तेव्हां कांठची झाडें, माती, पायवाटा, पूल, सर्व खरवडून निघालें. अरुणाचल प्रदेशांत सियांगच्या कांठीं माणसें दगावलीं आणि हजारों लोक बेघर झाले. डोंगरांत काय घडलें हें खालच्या लोकांना पाणी अंगावर येईपर्यंत ठाऊक नव्हतें. किंथुपच्या ओंडक्यांकडे कोणी पाहत नव्हतें, त्याला तेव्हां शंभरावर वर्षें लोटलीं होतीं. वरच्या पाण्याची बातमी खालीं कळण्याची व्यवस्था अजूनही झालेली नव्हती.

२००२ च्या फेब्रुवारींत स्कॉट लिंडग्रेन या अमेरिकनाच्या नेतृत्वाखालीं सात कयाकपटू पे येथें उतरले. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील ते नामांकित लोक होते. लिंडग्रेननें हिमालयाच्या नद्यांवर अनेक वर्षें उमेदवारी केली होती, आणि या नदीसंबंधानें त्याचा निष्कर्ष एकच होता: उतरावयाचें तर ऐन हिंवाळ्यांत, वर्षांतील सर्वांत कमी पाण्यावर. या निवडीची किंमतही असते. हिंवाळ्यांत खिंडी बर्फानें भरलेल्या, दिवस लहान, हात बधिर करणारी थंडी. ती किंमत त्यांनीं मोजली. नदी तेव्हांही लहान नव्हती. पण तिच्यांत विरामचिन्हें होतीं. तपासणें, थांबणें, होडी उचलणें शक्य होतें. घळईच्या वरच्या भागांतील चाळीसांहून अधिक मैल त्यांनीं असे पार केले. मधल्या धबधब्यांच्या भागापाशीं येतांच त्यांनीं नदी सोडली, आणि सेचेन ला ही बर्फाच्छादित खिंड होड्यांसह ओलांडली. खालीं उतरून पाहतात तों दोन वर्षांपूर्वींच्या पुरानें कांठ असे खरवडून टाकलेले, कीं संकटसमयीं पाण्यांतून बाहेर पडावयास जागाच नाहीं. तेथें त्यांनीं मोहीम संपविली. उरलेली नदी तशीच राहूं दिली.

या यशांत आणखी कांहीं जणांचा वाटा आहे, तो सांगितलाच पाहिजे. सात जणांच्या पाठीमागें स्थानिक हमालांची मोठी रांग चालत होती. अन्न, तंबू, आणि खिंडीच्या वेळीं होड्या सुद्धां त्यांच्या पाठीवरून गेल्या. त्यांच्याशीं मजुरीवरून तंटाही झाला. इतिहासाच्या पानांवर सात नांवें आलीं. किंथुप निदान आपल्या नांवानिशीं उरला. या लोकांपैकीं बहुतेकांना तेवढेंही लाभलें नाहीं.

५

१९९८ चे लोक हरले आणि २००२ चे जिंकले, असा निवाडा करण्याचा मोह होतो. परंतु इतिहासकारानें तो आवरला पाहिजे. दुसऱ्या तुकडीला पहिलीच्या दुःखाचा धडा मिळाला होता. पाणी चढलेलें असतां ही नदी काय करते हें कोणी तरी पाहून आल्यावरच, ती ओसरण्याची वाट पाहावी हें इतरांना पटलें. ज्ञान बहुधा अशाच तऱ्हेनें पुढें सरकतें. एकानें चुकविलेल्या किंमतीवर दुसऱ्याचें शहाणपण उभें राहतें. मात्र त्या शहाणपणाचें नेमकें स्वरूप ध्यानांत घ्यावें. तें अधिक धैर्याचें नाहीं आणि कमी धैर्याचेंही नाहीं. पाण्यापुढें छातीची परीक्षा होत नाहीं. परीक्षा होते ती काळ ओळखण्याची, आणि काळ अनुकूल नसेल तर जमविलेला सारा बेत गुंडाळून ठेवण्याच्या तयारीची. लिंडग्रेनची तुकडी नदींत उतरली त्या दिवशीं तिचें कौशल्य दिसलें. तिनें उरलेली नदी सोडून दिली त्या दिवशीं तिचें शहाणपण दिसलें.

आतां या नदीच्या काळाचाही प्रश्न राहणार नाहीं, अशीं चिन्हें आहेत. आपल्या कोलाडजवळ कुंडलिका नदीवर जे लोक नौकाविहारास जातात ते भिरा येथील वीजघरांतून सोडलेल्या पाण्यावर जातात. तेथें नदीनें माणसाचें वेळापत्रक केव्हांच पत्करलें आहे. ती लहान नदी आहे, आणि त्यांत कोणाचें फारसें बिघडलेलें नाहीं. परंतु जुलै २०२५ मध्यें चीननें त्सांगपोच्या याच मोठ्या वळशावर जगांतील सर्वांत मोठ्या जलविद्युत् योजनेच्या कामास आरंभ केला. तिची क्षमता साठ हजार मेगावॅटच्या घरांत असावयाची आहे, आणि डोंगरांतून बोगदे काढून नदीचा उतार यंत्रांवर घेण्याची कल्पना आहे. ती पुरी झाल्यावर पे येथें पाणी किती असावें हें पावसाइतकेंच वीजघरांतील अधिकारीही ठरवूं लागतील. सियांगच्या कांठीं राहणाऱ्या लोकांना यावत्काळ एक भीति होती, कीं वर डोंगरांत काय चाललें आहे तें आपल्याला कळत नाहीं. ती भीति या योजनेमुळें कमी व्हावयाची असेल तर वरच्या पाण्याची खबर खालच्या लोकांना वेळेवर मिळण्याची व्यवस्था, करारानें आणि विश्वासानें, व्हावी लागेल. वरून निरोप पाठविणारा आणि खालीं तो टिपून घेणारा, अशा दोन प्रामाणिक माणसांची या नदीला आज अधिक गरज आहे. त्यांतला पहिला, एक अक्षरशत्रु शिंपी, तिला एकदां मिळाला होता.